साखरपाण्यावरच्या माशांचा कैवार

सोमवार, ४ मार्च

घरात आजार वारशाने आलेल्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो! आपल्या आधीच्यांनी आपल्याला बाकी काही ठेवलं की नाही ते सोडा, हा आजार मात्र न विसरता ठेवला. दवाखान्यात गेलं की डॉक्टर आपली फाईल उघडतात, बंद करतात आणि म्हणतात, "सध्या यावर उपाय नाही. सहा महिन्यांनी या." सहा महिन्यांनी गेलं की तीच फाईल, तेच वाक्य. माझ्या आईने असे सहा-सहा महिने करत चौदा वर्षं काढली. आपण किती काढायची?

हे भाषण आज दादाकडे जेवताना सुरू केलं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो आणि वहिनी खालच्या मजल्यावर राहतात, जेवण एकत्रच असतं. इथवर आले तेव्हा लेक म्हणाली, "आई, आपण चौघंच आहोत, आणि त्यातल्या तिघांना हे पाठ आहे." म्हणून ही वही. वहीला पाठ नाही, आणि ती मधेच पाणी मागायला उठत नाही.

भाषणाला कारणही तसंच आहे. संशोधन संस्थेचं पत्र आलं. रुग्णांच्या कुटुंबांची प्रतिनिधी म्हणून माझी निवड झाली आहे. तीस वर्षं मी रुग्णालयाच्या धुलाईघरात काढली, त्यातली एकवीस युनियनची सचिव म्हणून. आता आठवड्यातून दोनदा प्रयोगशाळेत बसून काम पाहायचं आणि कुटुंबांना सांगायचं. गटाराच्या कडेला पिवळ्या फुलांचं एक तण उगवतं, त्यातून त्यांनी एक रेणू काढला आहे. रेणू इतका लहान की रक्तातून मेंदूत शिरताना त्याला कोणी अडवत नाही. आमच्या आजारात पेशीत एक वेडंवाकडं प्रथिन साचत जातं, मग हातपाय माणसाचं ऐकेनासे होतात. तो साचलेला कचरा हा रेणू पेशीला बाहेर काढायला लावतो म्हणे. तीस वर्षं मळ काढलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आईला होता. दादाला नऊ वर्षांपासून आहे. मला नाही. अठ्ठावन्न पूर्ण झाली; व्हायचा असता तर एव्हाना झाला असता.

सकाळी कप फुटला. हल्ली कपांचे कान फार निसरडे करतात.

गुरुवार, ७ मार्च

प्रयोगशाळेत पहिला दिवस. मला वाटलं होतं मोठी यंत्रं असतील. आहेत माशा. पिकल्या केळ्यावर घोंघावतात त्या चिमुकल्या. काम पाहणारी शास्त्रज्ञ माझ्या लेकीच्या वयाची आहे; संस्थेत सगळे तिला माशीबाई म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

कामाची पद्धत अशी. काचेच्या एका नळीत दहा माशा. नळीवर आठ सेंटीमीटरवर रेघ. नळी तीनदा हलकेच आपटायची, की सगळ्या तळाशी पडतात. मग दहा सेकंदांत कितीजणी रेघेच्या वर चढल्या ते मोजायचं. धक्का बसला की वर चढायचं हा माशीचा स्वभावच आहे. निरोगी माशी सरसर चढते. आजारी माशी चढता चढता घसरते, तिचे पाय ऐकत नाहीत.

"आजारी म्हणजे?" मी विचारलं.

"तुमच्या घरातला बिघाड आम्ही यांच्यात घातला आहे, मावशी. म्हणजे तो यांच्या पिल्लांनाही जातो."

"न विचारता?"

"माशांना कसं विचारणार?"

"आम्हाला तरी कोणी विचारलं होतं?" मी म्हटलं. पण खरी चीड पुढेच आली. दोन टेबलं आहेत. एकावर निळ्या चिठ्ठीच्या नळ्या, त्यांतल्या माशांना अन्नातून रेणू मिळतो. दुसऱ्यावर लाल चिठ्ठीच्या. त्यांना नुसतं साखरपाणी.

"यांचा गुन्हा काय?" मी विचारलं.

"गुन्हा नाही मावशी, तुलनेसाठी. काही न देता काय होतं ते कळल्याशिवाय रेणूने काय केलं हे कसं कळणार?"

काही न देता काय होतं? ते मला विचारा! चौदा वर्षं आमच्या घरात तुलनाच चालली होती.

मंगळवार, १२ मार्च

गल्लीच्या तोंडाशी, गटाराच्या भिंतीच्या फटीत तीच पिवळी फुलं दिसली. आणि त्याच क्षणी सफाई कामगार खुरपं घेऊन वाकला. मी आडवी गेले.

"अक्का, तण आहे ते."

"तण नाही, औषध आहे. आधी मला उपट."

"तुम्हाला उपटायचं माझ्या यादीत नाही," तो म्हणाला. "माझी पाळी चारला संपते. पाऊण तास आहे. तुम्ही तोवर बसा की."

मी बसले. माणसं जमली. मी रेणूवर बोलले, सरकारवर बोलले, धुलाईघरात कपडे धुण्याच्या सोड्यावरून केलेल्या आंदोलनावर बोलले. चार वाजता कामगार टाळ्या वाजवून घरी गेला. उठताना मी गटारात पाय घातला; कडेच्या फरश्या बसवणाऱ्याला कामावरून काढायला हवं.

पिशवीभर पाला आणून वहिनीला दादासाठी काढा करायला सांगितला. तिने आधी माशीबाईला फोन केला. माशीबाई म्हणाली, पानात रेणू इतका कमी असतो की माणसाला पुरेल इतका मिळवायला रोज अठ्ठावीस किलो पाला खावा लागेल, आणि पाल्यात विषारी असंही बरंच काही आहे. एक घोटसुद्धा देऊ नका.

दादा बराच वेळ शब्द जुळवत होता. मग म्हणाला, "तोफ... अठ्ठावीस किलो... तर गोठाच बांध मला." (तोफ म्हणजे मी. लहानपणापासून.)

पाला वहिनीने कुंडीत टाकला. कुंडीतलं रोप मेलं.

सोमवार, १८ मार्च

मी ठरवलं आहे. यापुढे प्रयोगशाळेत लाल टेबलाशी बसायचं. ज्यांना काही मिळत नाही, त्यांच्याबरोबर कोणीतरी असायला हवं. माशीबाई म्हणाली, "कुठेही बसा मावशी, फक्त टेबलाला हात लावू नका आणि हलू नका."

हलू नका, हे मला सांगते! मालकांशी वाटाघाटी करताना मी आठ-आठ तास दगडासारखी बसलेली आहे. समोरचे चुळबुळायचे, मी नाही. आजही तीन तास बसले, मांडीवर हात ठेवून, ताठ. मोजणी नसेल तेव्हा हळू आवाजात लाल नळ्यांशी बोलले. संघटित व्हा वगैरे.

मोजणी करणारा शांत स्वभावाचा गृहस्थ आहे. मधेच त्याने विचारलं, "मॅडम, त्यांना ऐकू येतं असं तुम्हाला वाटतं का?"

"व्यवस्थापनालाही येत नव्हतं," मी म्हटलं. "तरी पगारवाढ झाली."

या वहीच्या रेघा वाकड्या छापल्या आहेत. अक्षर आपोआप वर चढतं. दुकानदाराला परत करेन.

शुक्रवार, २२ मार्च

चमत्कार! लाल माशा चढू लागल्या. गेल्या महिन्यात दहांतल्या तीन रेघेवर जायच्या, आज सात. निळ्याही सातच. माशीबाईचा चेहरा पडला आहे. तिने अन्न तपासलं, नळ्या तपासल्या, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली का ते तपासलं. काहीच चूक नाही.

"मग हसा की," मी म्हटलं. "गरिबांच्या माशा बऱ्या झाल्या."

"मावशी, साखरपाण्यावरच्या माशा रेणूवाल्यांइतक्याच चढत असतील, तर त्याचा अर्थ रेणू काहीच करत नाही."

मला तो अर्थ मान्य नाही. माझा अर्थ वेगळा आहे, पण आणखी एक आठवडा पाहीन आणि मगच बोलेन. मी बेजबाबदार विधान करत नाही.

शनिवार, २३ मार्च

राहवलं नाही. वहिनीला सांगितलं. माशांना भाषणाने बरं वाटतं आहे.

गुरुवार, २८ मार्च

लाल माशा अजूनही सात. एकदा आठ. मी गेले नाही त्या सोमवारी चार. आता आणखी काय पुरावा हवा? मी लेखी मागणी दिली आहे: 'वाणीचा परिणाम' या विषयावर स्वतंत्र प्रयोग व्हावा, रेणूसोबत रोज दोन तास भाषण द्यावं, आणि भाषणाचे विषय कुटुंबांच्या संमतीने ठरावेत.

संध्याकाळी दादावर करून पाहिलं. त्याला खुर्चीत बसवलं आणि माणसाच्या इच्छाशक्तीवर बोलायला लागले. पन्नासाव्या मिनिटाला तो उठला आणि भिंत न धरता, झपझप, सरळ आतल्या खोलीत गेला. नऊ महिन्यांत इतक्या वेगाने तो चालला नव्हता.

"बघा!" मी वहिनीला म्हटलं.

"बघितलं," वहिनी म्हणाली. "आतून कडी लावली त्यांनी."

मंगळवार, २ एप्रिल

आज लेकीशी भांडण. सगळं लिहिते, कारण बोलताना मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही, आणि हे मला आत्ता लिहिताना जाणवतं आहे.

ती एकतीस वर्षांची आहे. तिला आणि जावयाला मूल हवं आहे. आमचा आजार असणाऱ्याच्या प्रत्येक लेकराला तो मिळण्याची शक्यता अर्धी. नाणं फेकल्यासारखं. रक्ताची एक चाचणी असते, लक्षणं दिसायच्या पन्नास वर्षं आधीही सांगते, आजार आहे की नाही. ती म्हणाली, "तू करून घे."

"मला नाही. मग तुलाही नाही. चाचणी कशाला?"

"तुला नाही हे तू ठरवलंस, आई. रक्ताने नाही."

"तुला एवढी घाई आहे तर तूच कर!"

तेव्हा ती जे बोलली ते असं. "मी केली आणि 'आहे' असं आलं, तर तो माझ्याकडे तुझ्याकडूनच आला हे नक्की. म्हणजे तुला न विचारता तुझा निकाल लागला. मी ते करणार नाही. म्हणून दोन वर्षं थांबले आहे. तू मात्र माशांना विचारलं का म्हणून सगळीकडे ओरडत फिरतेस."

मी टेबलावर हात आपटला. मला इतक्या जोरात आपटायचा नव्हता. भात, आमटी सगळं खाली. ती खाली बसून पुसत राहिली. पुसता पुसता माझ्या हाताकडे बघत होती, आमटीकडे नाही.

तिने चाचणीचा अर्ज फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावून ठेवला आहे. मी त्यावर पेन्सिलने दूधवाल्याचा फोन नंबर लिहिला.

गुरुवार, ४ एप्रिल

माशीबाईने सांगितलं की अकरा तारखेला संस्थेची समिती बसते आहे. आकडे असेच राहिले तर रेणूचं काम बंद. सहा वर्षांचं काम. तिला पुढे दुसऱ्या रेणूवर घालतील, निळं टेबल उचलतील.

"आणि कुटुंबांना काय सांगू?"

"सांगा, सहा महिन्यांनी या," ती म्हणाली आणि लगेच, "माफ करा मावशी."

पोरगी वाईट नाही. थकली आहे. मी तिला डबा दिला, त्याचं झाकण तिथेच पडलं आणि घरंगळत निळ्या टेबलाखाली गेलं. ते काढायला आम्ही दोघी गुडघ्यांवर बसलो. झाकण तिनेच ओढून काढलं. मग म्हणाली, "सोमवारी मी कॅमेरा लावते. पूर्ण वेळ. काय चुकतंय ते दिसलंच पाहिजे."

मी म्हटलं, लाव. सत्य माझ्या बाजूने आहे.

सोमवार, ८ एप्रिल

कॅमेरा लावला. लाल टेबलाशी साडेतीन तास बसले. भाषण केलं नाही, तिने तशी अट घातली होती. एक अक्षरही नाही. पुतळ्यासारखी बसले. लाल माशा: सात.

म्हणजे भाषण नव्हे. मग माझं नुसतं असणं? याला विज्ञानात काय म्हणतात ते विचारायला हवं.

मंगळवार, ९ एप्रिल

माशीबाईने फोन करून बोलावलं. "एकट्या येऊ नका, लेकीला आणा," म्हणाली. मी एकटीच गेले.

तिने पडद्यावर चित्रण लावलं. समोर लाल नळ्यांची रांग. त्यामागे टेबलाचा लोखंडी पाय, आणि एका बाईचं कमरेखालचं शरीर. साडी, मांडीवर हात, चप्पल. चप्पल एकसारखी हलत होती. टोक टेबलाच्या पायावर, टक, टक, मधेच थांबून तीनदा भरभर, मग पुन्हा टक. प्रत्येक टकला नळ्या बारीकशा थरथरत होत्या, आणि तळाशी बसलेल्या माशा दचकून वर चढत होत्या.

मी भडकले. "सापडलं! ही बाई कोण? हिला इथे बसू दिलं कुणी? पोरीची सहा वर्षांची मेहनत ही पायाने तुडवते आहे, आणि तुम्ही नुसतं बघता? आधी हिला बाहेर काढा!"

मोजणी करणाऱ्या गृहस्थाने चष्मा पुसायला घेतला.

"मावशी," माशीबाई म्हणाली, "चप्पल बघा."

मी बघितली. तपकिरी, अंगठ्याला हिरवा दोरा शिवलेली. मीच शिवला आहे.

"शक्य नाही. मी हलले नाही."

"तुम्हाला कळलं नसेल."

"मला कळत नाही असं माझ्या शरीरात काही घडत नाही," मी म्हटलं. आणि तेवढ्यात पडद्यावरचा हात दिसला. मांडीवर ठेवलेला, ताठ, शिस्तीत. फक्त बोटं. करंगळी उठायची, मग मधलं, मग अंगठा आत वळायचा, जणू कोणी न दिसणारी लोकर सोडवत आहे. ती बोटं मी ओळखते. चौदा वर्षं मी ती पांघरुणावर पाहिली आहेत, रोज सकाळी धुतली आहेत, नखं कापली आहेत. आई म्हणायची, "मी कुठे हलते आहे गं?" आणि मी तिला ओरडायची.

मी पुन्हा लावायला सांगितलं. पाय मोजला. एका मिनिटात एकशे चौदा. माशा मोजायला लोक ठेवतात, मला कोणी मोजत नव्हतं.

माशीबाईने पाणी आणून दिलं. मी दोन्ही हातांनी धरलं.

बुधवार, १० एप्रिल

काही लिहायचं नाही. कपाचा कान निसरडा नाही. तपासला.

शुक्रवार, १२ एप्रिल

समितीने माशीबाईला चार आठवड्यांची मुदत दिली. तिने चित्रण दाखवलं. माझा चेहरा त्यात नव्हता हे तिने मुद्दाम सांगितलं. मी म्हटलं, चेहरा असता तरी चाललं असतं, मी सभांमधून चेहरा दाखवूनच जगले आहे.

काल मी नसताना मोजणी झाली. लाल तीन, निळ्या सात. रेणू काम करतो आहे. माशीत, मावशी, माशीत, असं ती तीनदा म्हणाली. उंदीर व्हायचे आहेत, मग विषारीपणा बघायचा, मग माणसं, आणि तिथे निम्म्याहून जास्त रेणू पडतात. मी यापुढे बाहेरच्या खोलीतून, काचेपलीकडून बघेन. तिथली खुर्ची भिंतीलाही टेकलेली नाही. तिने स्वतः ओढून बघितली.

लाल माशांसाठी मला अजूनही वाईट वाटतं. पण त्या काही न मिळता पडल्या, म्हणूनच निळ्यांचं चढणं खरं ठरलं. आज हे मला कळलं. माझ्या प्रत्येक टकने मी त्यांना चढवलं, आणि त्यांच्या पडण्याची साक्ष पुसून टाकली. इतकी वर्षं कैवार घेताना आणखी कुणाकुणाला असं चढवलं असेल, कोण जाणे.

दादाला सांगितलं. सगळं. तो रडेल असं वाटलं होतं. तो हसायला लागला, त्याचं हसू लवकर थांबत नाही. "तोफ," तो म्हणाला, "मला... चार वर्षं माहीत आहे."

"आणि सांगितलं नाहीस?"

"तू... बोलायची थांबलीस कधी?"

वहिनीने तोंड फिरवलं. खांद्यांवरून कळलं की तीही हसते आहे. मग मीही. तिघंही वेड्यासारखे, जेवण थंड होईपर्यंत. लेक वरून खाली आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काय झालं?"

मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा शब्द आला नाही. म्हटलं, "आमटी खारट झाली." आमटी अजून कुणी चाखलीही नव्हती. ती तशीच वर गेली.

रविवार, १४ एप्रिल

हजारांसमोर बोलले आहे. एकीसमोर जमत नाही. म्हणून ही वही आज मी तुझ्या उशीवर ठेवणार आहे, लेकी. ४ मार्चपासून वाच. हसू येईल तिथे हस, मला राग येणार नाही. आला तरी तो खोटा समज.

चित्रणातली बोटं म्हणजे निकाल नव्हे, असं माशीबाई म्हणते. निकाल फक्त रक्त देईल. मला तो आधीच माहीत आहे असं वाटतं, पण मला आठ तास दगडासारखी बसता येतं असंही वाटत होतं, तेव्हा माझ्या वाटण्यावर विसंबू नकोस. मी ही चाचणी स्वतःसाठी करत नाही, असं एक मोठं वाक्य इथे लिहिलं होतं. खोडलं. थोडी स्वतःसाठीही करते आहे. मला भीती वाटते. जाहीर सभेत हे कधी म्हटलं नव्हतं. तुझं पुढे काय, ते तू ठरव. माझा निकाल आला म्हणून तुला काहीच करायची सक्ती नाही, चाचणीचीही नाही.

फ्रिजवरच्या अर्जावर सही केली आहे. दूधवाल्याचा नंबर खोडरबराने पुसला, तरी ओळ जराशी दिसते. सहीच्या जागी अक्षर चौकटीबाहेर गेलं आहे. वहीच्या रेघा सरळ आहेत, आज पट्टी लावून बघितल्या.

रक्त घ्यायची वेळ बुधवारी दहाची. तोवर माझा विचार नक्की बदलेल, मी स्वतःला ओळखते. मंगळवारी रात्रीपर्यंत माझ्याकडे तीन उत्तम कारणं तयार असतील, त्यांतली दोन तुला पटतीलही. वाटेत मी कदाचित रस्त्यावर सभा भरवीन, चौकातल्या दिव्याला साक्षीदार करीन, चाचणीवर बहिष्काराची हाक देईन आणि लोक टाळ्या वाजवतील. एक अक्षर ऐकू नकोस. बुधवारी साडेनऊला ये, माझ्या दंडाला धर, आणि मला घेऊन जा.